झाकणभर औषध

दवाखाना बंद केल्यापासून मला एक वाईट खोड लागली आहे. एसटीत, लग्नात, बाजारात, कुठंही पोटुशी बाई दिसली की मी तिच्याशेजारी जाऊन बसते आणि चौकशा सुरू करते. परवा कोरेगावच्या स्टँडवर सातारा गाडीची वाट बघत होते. शेजारी एक मुलगी बसली होती, सहावा-सातवा असेल. मी विचारलं, "मिश्री लावता का हो?" ती सासूच्या अंगाला चिकटली. सासू म्हणाली, "आवं, तुमी कोण? पोरीला काय इचारताय?" मी कोण ते सांगितलं, तर सासूनं स्वतःचं गुडघ्याचं दुखणं काढलं. तेवढ्यात गाडी आली आणि मिश्रीचं उत्तर राहूनच गेलं. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "निवृत्त झालीस ना? मग आता तरी गप्प बस की." मला गप्प बसता येत नाही. रात्री पडल्यावरसुद्धा त्या मुलीच्या हिरड्या काळ्या होत्या का, हेच आठवत बसले.

मी बाळंतपणाची डॉक्टर. जन्म सांगलीचा, जैनांच्या घरातला. वडील हळदीचे अडते. आमच्याकडं अंधार पडायच्या आत जेवणं उरकायची आणि कांदासुद्धा विचार करून आणायचा. लग्न होऊन मी सातारा जिल्ह्यात आले, कोरेगावात दवाखाना टाकला आणि सगळी उमर तिथंच काढली. फौजी आणि ऊसकरी लोकांचा हा मुलूख. बोलणं रोखठोक, मन साफ. माझीही जीभ काही कमी नाही, त्यामुळं आमचं जमलं. माझ्या हातावर जन्मलेल्या मुलींची बाळंतपणंही मीच केली. बोलायला फार आवडतं मला, हे एव्हाना कळलंच असेल.

बाहेरच्या माणसाला आमचं काम म्हणजे कळा आल्या की धावाधाव, एवढंच वाटतं. खरं काम असतं विचारण्याचं. बाई पहिल्यांदा आली की आम्ही तिची सगळी माहिती काढतो. पाळी कधी चुकली, आधीची बाळंतपणं कशी झाली, घरात साखर, रक्तदाब कुणाला आहे का, लग्न नात्यात झालंय का. आणि सगळ्यात शेवटी, काही व्यसन? हा शेवटचा प्रश्न गंमतीचा आहे. बाई खुर्चीत नीट टेकायच्या आत डॉक्टरांनी तिथं 'नाही' लिहून टाकलेलं असतं. विचारलाच तरी "व्यसन-बिसन काही नाही ना?" असा विचारतात. त्यावर हो म्हणायला वाघाचं काळीज पाहिजे.

मिश्रीनं मला यातला पहिला धडा दिला. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेल्या तंबाखूची पूड. बायका बोटावर घेऊन ती दातांना, हिरड्यांना चोळतात. सकाळी एकदा, जेवण झालं की एकदा, दुपारी जीव कंटाळला की परत. एक बाई माझ्याकडं यायची, तिची दोन्ही बाळं उंदराएवढी जन्मली होती. मी विचारलं, व्यसन? ती रागावली. "आमच्यात असलं काय न्हाई बाई, माळकरी घर हाय." बोलताना हिरड्या कोळशासारख्या काळ्या. मी म्हटलं, मग हे काय? ती म्हणाली, "ह्ये? ह्ये दात घासायचं हाय." ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ती दात घासत होती आणि तंबाखू मात्र बाळापर्यंत पोचत होती. तेव्हापासून मी व्यसन हा शब्द टाकला. "दात कशानं घासता? दिवसातनं किती वेळा?" असं विचारायला लागले. बायका धडाधड सांगायला लागल्या.

मिश्रीचं जमलं, पण दारूचं नाव माझ्या तोंडातून निघत नव्हतं. दारू म्हणजे नवरा, असं आम्हा डॉक्टरांचं पक्कं गणित. बाईच्या अंगावर वळ दिसले की आम्ही विचारायचो, नवरा पितो का? ती स्वतः पीत असेल हे डोक्यातच यायचं नाही. त्यात माझं माहेर असं, की मला दारूचा वासही धड ओळखता येत नसे. आता ज्या बाईबद्दल लिहिते आहे, तिला वैशाली म्हणू. हे तिचं खरं नाव नाही. लिहू का, असं मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "लिवा. पर गावाचं नाव घालू नगा."

वैशाली एका निवृत्त सुभेदाराची सून. नवराही फौजेत, तिकडं वर बर्फात पोस्टिंग. तिला आई नव्हती, म्हणून रीत मोडून तिचं पहिलं बाळंतपणही सासरीच झालं, मुलीचं. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. आत्या बोलायला गरीब, घर सगळं सुभेदारांच्या शब्दावर चालायचं. त्यांना सारे आबा म्हणत. माणूस सरळ आणि करडा. तपासणीच्या दिवशी माझ्याआधी दवाखान्यात हजर, आणि मी आले की आधी घड्याळाकडं बघायचे, मग नमस्कार करायचे. "मॅडम, टाइम म्हंजे टाइम," असं मला एकदा ऐकवलंही होतं. पण सुनेला रिक्षातून उतरताना हात द्यायचे. गावात सासरे असं करत नाहीत.

त्या घरात रम औषधाच्या कपाटात असायची. ज्यांच्या घरात फौजी नाही त्यांना हे विचित्र वाटेल. निवृत्त फौजीला मिलिटरी कॅन्टीनमधून बाटल्या मिळतात. कुणी पितो, कुणी वाटतो, आणि आबांसारखे जे स्वतः पीत नाहीत ते औषध म्हणून ठेवतात. सर्दी झाली, झाकणभर. कंबर धरली, झाकणभर. बाळंतिणीला गारठा बाधू नये म्हणून झाकणभर, कोमट पाण्यातून. मी एकदा आत्यांना खोकल्याचं औषध लिहून दिलं तर आबा म्हणाले, "सिरप नगं मॅडम. बर्फात दोस्त गेले आन मी जगलो त्यो हिच्यामुळं. हिच्यापुढं तुमचं सिरप काय करतंय?" यावर मी हसले होते.

दुसऱ्या खेपेला वैशाली आली ती अंगानं उतरलेली. पाचवा संपत आला तरी वजन जागचं हलेना. सोनोग्राफीत बाळ महिन्याच्या मानानं लहान. सकाळी लवकर आली की तिचे हात थरथरायचे, पदर सावरताना बोटं जुळायची नाहीत. तोंडात कायम लवंग. मी थायरॉइड बघितलं, साखर बघितली, रक्त बघितलं. सगळं ठीक. गोळ्या बदलल्या, खाणं लिहून दिलं, आत्यांना झापलं की सुनेला पोटभर वाढत नाही. आत्या रडल्या. म्हणाल्या, "मॅडम, देवाशपथ, मी माझ्या पोरीपरास हिला जपती." मला घरी जेवण जाईना. काहीतरी डोळ्यासमोर आहे आणि दिसत नाही, असं सारखं वाटत राही. वैशाली कधी एकटी येत नसे, आत्या कायम मांडीला मांडी लावून बसलेल्या.

पण सोनोग्राफीच्या खोलीत मी कुणालाच घेत नव्हते. गर्भाचं लिंग विचारायची लोकांना इतकी सवय, की कायद्याची पाटी दारावर होतीच, वर माझा आवाजही होता. आत फक्त पेशंट. त्या अंधाऱ्या खोलीत मला एक युक्ती सापडली होती. ती माझ्या अख्ख्या व्यवसायातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे, म्हणून सांगते. अवघड प्रश्न बाईच्या तोंडाकडं बघून विचारायचा नाही. तोंडाकडं बघितलं की ती खोटं बोलणारच, त्यात तिचा दोष नाही. दोघींनी पडद्यावरच्या बाळाकडं बघायचं आणि सहज, भाजी निवडताना बोलावं तसं बोलायचं. नवरा मारतो का, आधी पोट पाडलं होतं का, सगळं मी तिथंच विचारायची.

त्या दिवशी बाळाचं डोकं मोजत होते. एकदा मोजलं, लहान. परत मोजलं, तेवढंच. तिच्या श्वासाला लवंगेचा वास येत होता, आणि लवंगेखाली आणखी कसला तरी. मला ओळखता येत नव्हता. पण आबांचं ते झाकण आठवलं.

"वैशाली, तुमच्यात अंग दुखायला लागलं की काय देतात गं?"

"आबा देत्यात. झाकणभर."

"तुला कधी दिली होती?"

"पोरीच्या येळंला. बाळंतपणात. झोप यायची न्हाई, कंबर लय दुखायची. आबा म्हणले, औषध हाय, घे."

"आणि आता?"

पडद्यावर बाळानं कूस बदलली. मी तिच्याकडं बघितलं नाही.

"आता मीच घेती," ती म्हणाली. "कपाटाची किल्ली माझ्याकडंच असती, बाटल्या कुणी मोजत न्हाई. आधी रातची घ्यायची. आता सकाळची न्हाई घेतली तर हात ऱ्हात न्हाई."

"रोज?"

"रोज. पाणी न घालता."

मला राग आला. लपवू कशाला, भयंकर राग आला. 'अगं, पोटात पोर आणि तू' इथपर्यंत शब्द जिभेवर आले होते. ते गिळले, कारण ती पुढं बोलत होती. "मॅडम, तुमी इचाराल म्हणून मी दर खेपेला भीत भीत यायची. आन न्हाई इचारलं की सुटल्यागत वाटायचं. घरी गेल्यावर मातूर रडू यायचं, की आजबी न्हाई इचारलं." मग तिनं मान वळवली. "जितं हाय न्हवं?" मी पडद्याकडं बोट करून बाळाचं धडधडणारं काळीज दाखवलं. ती बघत राहिली. मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले.

इथं थोडी डॉक्टरकी सांगते. आईनं घेतलेली दारू नाळेतून जशीच्या तशी बाळाकडं जाते. बाळाचं यकृत तयार नसतं, ती पचवायची कुणी? मग वाढ खुंटते, मेंदूला इजा होऊ शकते, आणि ती इजा जन्मतः दिसेलच असं नाही. पोर मोठं झाल्यावर शाळेत दिसते. गरोदरपणी अमुक इतकी चालते असं माप नाही. झाकणभरसुद्धा नाही. पण रोज पिणाऱ्या बाईला 'आजपासून बंद' असं सांगणंही धोक्याचं असतं. अंगाला सवय लागलेली असते, एकदम तोडलं तर फिट येऊ शकते, त्यात आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. दवाखान्यात ठेवून, औषधं देऊन, डोळ्यासमोर सोडवावी लागते.

"आबांना कळलं तर काय करतील?" मी विचारलं.

"हाकलणार न्हाईत. मारणारबी न्हाईत," ती म्हणाली. "पर परत माझ्या हातचा च्या पिणार न्हाईत."

तिनं शपथ घालायची गरज नव्हती. पेशंटचं गुपित पेशंटचं असतं, ते सासऱ्यांना सांगायचा मला काडीचा अधिकार नव्हता. बाहेर येऊन मी म्हटलं, बाळाची वाढ बरोबर नाही, हिला सांगलीला मोठ्या दवाखान्यात दाखल करायला लागेल. आबा उठून उभे राहिले. "आजाराचं नाव काय?" मी म्हटलं, तपासण्या होऊ द्यात. त्यांनी माझ्या डोळ्यांत रोखून बघितलं. मी खोटं बोलले नव्हते, पण पुरतं खरंही बोलले नव्हते, आणि त्या माणसासमोर ते फार जड गेलं. शेवटी म्हणाले, "तुमची ऑर्डर हाय न्हवं? मग जातो."

सांगलीत माझी एक मैत्रीण मनोविकारतज्ज्ञ आहे, तिच्या हाती वैशालीला सोपवलं. पहिले दिवस वाईट गेले, घरच्या कुणाला आत भेटायला सोडत नव्हते. घाम, कापरं, उलट्या, भिंतीवर किडे दिसायचे. मी कोरेगावचा दवाखाना टाकून जाऊन आले, तर तिनं माझा हात इतका आवळला की बांगडी वाढली. मग हळूहळू उतरलं. पुढं बाळंत होईपर्यंत तिला सासरी पाठवलंच नाही. तासगावला मावशी होती, तिच्याकडं ठेवलं. तिथं कपाटही नव्हतं आणि किल्लीही नव्हती. एकदा मध्ये ती मावशीच्या शेजाऱ्याकडून मागून प्यायली. तेही तिनंच फोन करून सांगितलं. मी तिला बोल बोल बोलले, फोन ठेवला, आणि परत लावून विचारलं, आता कशी आहेस?

मुलगा झाला. लहानखुरा, पण रडला खणखणीत. मी त्याला दिव्याखाली धरून तोंड निरखत राहिले. अशा बाळांच्या नाकाखालची पन्हळ सपाट असते, वरचा ओठ पातळ असतो, असं आम्ही शिकलो होतो. बघावं तर आहे असं वाटे, परत बघावं तर नाही. आबा दारात उभे होते. "मॅडम, काय तपासताय? बोटं मोजताय काय?" म्हणाले. दहाच्या दहा होती. पेढे वाटले त्यांनी.

मला मात्र चैन पडेना. साताऱ्याला आम्हा डॉक्टरांची सभा होती, तिथं मी उभी राहिले. नावगाव काही न सांगता ही हकीकत सांगितली आणि विचारलं, आपल्यापैकी कोण गरोदर बाईला दारूबद्दल विचारतं? मागून एक ज्येष्ठ म्हणाले, "मॅडम, तुम्ही कोरेगावात प्रॅक्टिस करता की पुण्याच्या कोरेगाव पार्कात?" सगळे हसले. दुसरे म्हणाले, "विचारलं तर पेशंट उद्या समोरच्या दवाखान्यात दिसेल." हे मात्र खरं होतं. माझा आवाज चढला. मी म्हटलं, जाऊ दे की समोर, पण समोरच्यानं तरी विचारलं पाहिजे. खाली बसले तेव्हा कान तापले होते. चहाच्या वेळी शिरवळची एक तरुण डॉक्टरीण बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, माझ्याकडं कंपनीतल्या मुली येतात. रात्रपाळी जावी म्हणून दुखण्याच्या गोळ्या, झोप यावी म्हणून झोपेच्या, खोकला नसताना खोकल्याचं औषध. दिवस गेले तरी चालूच असतं. विचारायचं कसं, तेवढं सांगा." तिला मी पडद्याची युक्ती सांगितली. सभेतून एवढं एकच घेऊन घरी आले.

वैशाली सासरी नांदायला गेली. कपाटाची किल्ली तिनं आत्यांच्या कमरेला लावली, माझ्या ध्यानात राहत नाही म्हणाली. परत प्यायली नाही. मी दवाखाना बंद केला. आणि मग एक दिवस ती त्या मुलाला घेऊन माझ्या घरी आली. पहिलीत होता. गोड पोर, आल्या आल्या माझ्या कमरेला मिठी मारली, आणि आम्ही दोन शब्द बोलतोय तोवर मोरीचा नळ सोडला, रेडिओचं बटण उपटलं, तुळशीची माती फरशीवर आणली. नको म्हटलं की लगेच थांबायचा आणि पुढच्या घटकेला तेच करायचा.

"शाळेत बसत न्हाई," वैशाली म्हणाली. "आज शिकवल्यालं अक्षर उद्या न्हाई. बाई म्हणत्यात, द्वाड हाय. आबा म्हणत्यात, शिस्त न्हाई. रोज सकाळी शेताला फेऱ्या मारायला लावत्यात. चुकलं की आणि दोन. पोरगं रडत रडत पळतंय, मॅडम, आन दुसऱ्या दिशी परत तेच इसरतंय. आबाबी दमत्यात, पर सोडत न्हाईत." मग तिनं पडदा नसताना, सरळ माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "खरं सांगा. ह्ये माझ्यामुळं हाय का?"

डॉक्टरला धीर द्यायची सवय असते. नाही गं, मुलं असतातच अशी, हे वाक्य ओठावर तयार होतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही. असू शकतं. नसूही शकतं." ती रडली नाही. मी तिला समजावलं, की सांगलीला मुलांच्या वाढीचा, वागण्याचा एक तज्ज्ञ आहे. त्याला दाखवू. पण त्याला खरं कारण कळलं तरच तो खरी वाट सांगेल. जर हे त्या दारूमुळं असेल, तर पोरगं ऐकत नाही असं नाही. ऐकलेलं त्याच्या डोक्यात टिकत नाही. मग फेऱ्या मारून काय होणार?

"आबांना बाहेर बसवू," मी म्हटलं.

"आबा बाहेर बसत असत्यात व्हय? नातवाचं हाय."

खरंच होतं ते. आबा नुसते आले नाहीत, गाडी त्यांनीच चालवली. मीही गेले. माहेरी भावाकडं काम आहे असं सांगितलं, ते काही खरं नव्हतं. दवाखान्यात तज्ज्ञ म्हणजे एक तरतरीत पोरगा, माझ्या धाकट्याच्या वयाचा. त्यानं मुलाला खेळणी दिली, गप्पा मारल्या, चित्र काढायला लावलं. मुलांना हाताळायची हातोटी चांगली होती त्याची. मग आईकडं वळला. गरोदरपणी ताप आला होता? रक्तदाब? बाळ लगेच रडलं का? कावीळ? फिट? चालायला कधी लागला? निम्म्या प्रश्नांची उत्तरं आबाच देत होते. "वजन कमी हुतं. बाकी येकदम फिट."

मी खुर्चीत चुळबुळत होते. विचार रे, म्हणत होते मनात. विचार. मला सांगता येत नव्हतं, ते माझं नव्हतंच. आणि ती बोलली तर काय होईल, तेही मला ठाऊक होतं. ज्या माणसानं तिला रिक्षातून हात देऊन उतरवलं, त्याच्यासमोर तिला सांगायचं होतं. डॉक्टरनं शेवटी "ठीक आहे, काही चाचण्या करून बघू" असं म्हटलं. नाही विचारलं.

"डॉक्टर," वैशाली म्हणाली, "एक इचारायचं ऱ्हायलं तुमचं."

"काय?"

"ह्याच्या येळंला मी रम पीत हुते. रोज. मॅडमनी सांगलीला आणीपत्तोर."

डॉक्टर गोंधळला. आधी माझ्याकडं बघितलं, मग आबांकडं, जणू आता त्यांची परवानगी पाहिजे. वैशाली कुणाकडंच बघत नव्हती. मी आबांकडं बघायचं धाडस केलं. त्यांची मान तशीच ताठ होती. मुलगा जमिनीवर बसून आबांच्या बुटाची नाडी सोडत होता.

"पैली मी दिली हिला," आबा म्हणाले. "बाळंतपणात. औषध म्हणून. त्येबी लिवा."

डॉक्टरनं लिहून घेतलं. मग त्यानं खुर्ची जवळ ओढली आणि अगदी सुरुवातीपासून पुन्हा विचारायला लागला. कितव्या महिन्यापासून, किती, कधी बंद केली. वैशाली एकेक सांगत गेली. आबा ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर केला, शाळेत पोरं करतात तसा.

"डॉक्टरसाहेब, मी ह्याला रोज सकाळी पळवतो. चुकला की ज्यादा पळवतो. त्येचा काय उपेग न्हाई मग?"

"नाही काका. त्याला कळतच नाही ती शिक्षा कशाची आहे."

आबांच्या तोंडून पळवतो हा शब्द ऐकून मुलगा नाडी सोडून उठला होता. हात अंगाला चिकटवून, मान ताठ करून आबांसमोर सावधान उभा राहिला होता. आबांनी त्याच्याकडं बघितलं. मग वाकून त्याचे दोन्ही हात धरले आणि ते सैल केले.

"बस खाली," ते म्हणाले. मग सुनेकडं वळून, "तूबी नीट आईक, वैशाली. दोघांनाबी शिकायचं हाय. सांगा डॉक्टर, काय करायचं त्ये."